मामा अजून रद्दी मोजतो

खजुरी बाजारातल्या दुकानात
मामाने मला शिवून दिलं
सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेलं शरीररचनेचं पुस्तक.
पाठ नवी, मरून कापडाची.
फक्त काखेचं चित्र जरा आत ओढलं गेलं
आणि सगळ्यात कडेची पिवळी नस
शिवणीत गेली.
"बाकीच्या चार दिसतात ना?" मामा म्हणाला.

पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर, पाच फांद्या.
पोरवालने त्याचं मोबाइलचं कुलूप केलंय,
पाच तीन सहा तीन पाच.
मला तिचा फोन उघडता येतो,
हात अजून उघडत नाही.

म्हणून एम.वाय.समोर सिटी बसची वाट बघत
मी माझं रचलं:
मामा अजून रद्दी मोजतो अंधारात.
म, मस्क्युलोक्युटेनियस, कामापेक्षा नाव लांब.
अ, ॲक्झिलरी, खांद्यापुरती.
र, रेडियल, ती गेली की मनगट
दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखं लोंबतं.
म, मीडियन.
अंधारात, अल्नर.
तिच्यासाठी आणखी एक खूण ठेवली: कोपराला गूळ.
तिथूनच जाते ती, मागून, हाडाला चिकटून.
जीभ पोचत नाही, धक्का पोचतो.
करंगळी पूर्ण तिची, अनामिका अर्धी.

रविवारी मामाला म्हणून दाखवलं.
"मला कशाला ओढलंस त्यात?" पण खुशीत होता.
मग म्हणाला, एक बोट हल्ली झोपलेलंच असतं.
कुठलं?
करंगळी दाखवली.
आणि जरा थांबून
अनामिकेची एकच बाजू.

एकतीस वर्षं उजवं कोपर
त्याच टेबलाच्या त्याच कडेवर.

त्याच्याच गठ्ठ्यातला एक कागद काढला मी.
अंगठ्यात आणि तर्जनीत धर, अंगठा सरळ,
मी ओढेन, सोडायचा नाही.
अंगठ्याचं पेर वाकलं.
कागद आला माझ्याकडे,
जोर न लावता,
रीमच्या रीम एका चिमटीत उचलणाऱ्या हातातून.

"परत," मामा म्हणाला, "लक्ष नव्हतं."

परत दिला.
ह्या वेळी मी ओढल्यासारखं केलं.

मग सोमवारचं सांगितलं: दहाच्या आत ये, पर्चीची रांग मी लावते.
आणि उरलेलं मरून कापड चौपदरी करून
टेबलाच्या कडेला बांधत बसले.
गाठ त्याला मारू दिली नाही.