चोडणची फेरीबोट

त्या संध्याकाळी कठड्याला धरून
मी पाण्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते.
दुपारी पतसंस्थेत स्टेपलर भिरकावला होता.
वेर्लेकरांच्या कानाजवळून गेला, भिंतीवर आपटला,
आणि सगळे गप्प, साप निघाल्यावर होतात तसे.

एक बाई शेजारी येऊन उभी राहिली.
पिशवीत पाव, अंगाला फिनेलचा वास.
माझ्याकडे न बघताच म्हणाली,
"कितले दीस उरल्यात?"

मला वाटलं, मरायला.
"पाळयेक गो," ती म्हणाली.

मिंगेलीन फुर्ताद. शाळेत शिपाई.
बोट पलीकडे लागली, ती उतरली नाही. मीही नाही.
चालत्या माणसाला तिकीट नाही, म्हणून तीन खेपा झाल्या,
आणि मी सांगितलं तिला, जे घरात बारा वर्षं सांगता आलं नाही:
महिन्यातले दहा दिवस मला माझ्याच पोरांचा आवाज सोसवत नाही.
मग रक्त दिसतं, आणि दुपारपर्यंत मी पुन्हा मी.
घरभर माफी मागत फिरते,
भांड्यांचीसुद्धा.

"हांव पिशी न्हय," ती म्हणाली. "तूंय न्हय."
ह्याला नाव आहे. लांबलचक आहे, इंग्रजी आहे,
पण आहे.

आता आम्ही पाचजणी.
रविवारी मीस सुटल्यावर मिंगेलीनच्या बल्कांवात.
उर्जिताच्या सासूला वाटतं, सून भजनाच्या तालमीला जाते;
म्हणून ती टाळ घेऊन येते,
आणि ते चहाच्या कपांशेजारी मुकाट पडून असतात.

डॉक्टर आधी हसले होते. "एक मूल होऊ दे, सगळं जाईल."
मला दोन आहेत.
मग आम्ही पाचहीजणी एकाच दिवशी गेलो,
तीन-तीन महिन्यांच्या वह्या घेऊन.
"एकेकटीनं आत या," कंपाउंडर म्हणाला.
सुकांती म्हणाली, "इतकी वर्षं एकेकटीच येत होतो."

पहिली वही त्यांनी चाळली. दुसरी वाचली.
तिसरीत एका पानावर थांबले:
'आज विहिरीवर गेले नाही. सुकांतीला फोन केला.
ती लसूण सोलत होती. सोलता सोलता ऐकत राहिली.'
चष्मा काढून पुसला त्यांनी.
गोळ्या लिहिल्या, बांबोळीच्या इस्पितळाला चिठ्ठी दिली.
माफीबिफी नाही मागितली.

वेर्लेकर अजून माझ्या टेबलावर स्टेपलर ठेवत नाहीत.
मी अर्ज दिलाय: त्या दिवसांत कॅश काउंटर नको.
पडून आहे. दर सोमवारी विचार, मिंगेलीन सांगते,
म्हणून दर सोमवारी विचारते.

आज एकविसावा दिवस.
आभाळ कालचंच आहे, मी नाही.
फोन वाजतो. उर्जिता. बोलत काहीच नाही,
मागे टाळ वाजतायत, तिचा पोरगा खेळत असावा.
"किती?" मी विचारते.
"नऊ. तुझे?"
"सात."

मग फोन तसाच चालू ठेवून
मी तांदूळ निवडायला बसते.