ओल्या वाळूवरचा नंबर

नंबर सांगू नका.
ऑफिसातल्या बुटांचा नंबर
पाळोळ्याच्या किनाऱ्यावर चालत नाही.
लाट नुकती मागे गेलीय तिथे
चार पावलं चाला आणि बाजूला व्हा.

मी वाकून बघते.
टाच खोल म्हणजे तुम्ही मागे रेलून चालता,
अंगठ्यापाशी खळगा म्हणजे घाई.
पुण्याच्या एका बाईंची करंगळी उमटलीच नाही.
लग्नातल्या सँडलमध्ये आत वळली, म्हणाल्या,
ती वळलीच.
त्यांना रुंद पंजाचा जोडा दिला,
तर आतल्या आत बोटं हलवत बसल्या,
कयाक निघायला उशीर झाला.

रबरी चपला घालून येतात काही जण.
त्या पहिल्याच लाटेत कारवारला निघतात.
बूट ओला करून घालून बघावा,
कोरडा बूट खोटं बोलतो.
सैल घेऊ नये:
सैल बुटात समुद्र बिऱ्हाड करतो,
भाडं तर देत नाहीच, वर टाचेची साल नेतो.
चेन नको, खारं पाणी तिचे दात खातं.
तळाला भोकं हवीत, शिरलेलं पाणी जायला.
तळ इतका जाड, की कालवाची धार अडेल,
इतका पातळ, की खडक शेवाळलाय हे समजेल.
दुखू द्यायचं नाही, पण कळू द्यायचं,
एवढंच तर काम बुटाचं.

हे ऐकून बाबा हसायचा.
पागी माणूस, साठ वर्षं अनवाणी.
ओहोटीला बेटाकडे जाणारे खडक
रात्री विजेरीशिवाय ओलांडायचा.
खडक पायांनी बघायचे, म्हणायचा,
डोळ्यांत काय, पाणी जातं.

दसरा झाला, सीझन लागला.
एका सकाळी गिऱ्हाइकासाठी वाळू बघत होते,
मधूनच त्याची पावलं गेलेली.
उजवं ओळखीचं, पाच बोटं पाच दिशांना.
डावं घासत आलेलं,
आणि प्रत्येक डाव्यात, अंगठ्याच्या बुडाशी,
थोडं रक्त.
माग काढत गेले.
होडीच्या काठावर बसून
तो जाळ्यातले खेकडे सोडवत होता.
तळव्यात कालवाचं शिंपलं, उभं, रुपयाएवढं.
दुखत नाही?
"कितें?" म्हणाला.

काणकोणच्या डॉक्टरीणबाईंनी
डोळे मिटायला सांगितलं, पेनाचं टोक टेकवलं.
उजव्याला सात वेळा 'हो'.
डाव्याला तो वाट बघत राहिला.
बाई टेकवत होत्या, उचलत होत्या,
आणि हा, कुणी दार वाजवील म्हणून
कान देऊन बसल्यासारखा.
साखर, त्या म्हणाल्या. जुनी आहे.

चावडीच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातली.
पहिल्यांदाच मी माझ्याच शब्दाबाहेर गेले:
सगळ्यांत जाड तळाचा घेतला.
कळू देणारा तळ आता कुणासाठी?
आतून बोट फिरवून शिवणी चाचपल्या.
एक जरी वर आली असती
तर सोलवटेल, आणि सांगणार कोण?
दुकानदार म्हणाला, मॅडम, बूट घेताय की मासळी?

बाबाने डावा घातला.
पट्टा ओढला, दोनदा पाय आपटला.
उजवा माझ्या हातात परत दिला.
"ह्या पांयाक अजून कळटा."
मी भांडले. डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं.
तो तोवर पाण्यात गुडघाभर.

आता ओहोटीला वाळूवर
एक बूट, एक पाऊल, एक बूट, एक पाऊल,
जणू दोन एकपायी माणसं
एकमेकांना धरून बेटाकडे गेलीत.
मी रोज डाव्याच्या कडेने चालते,
उजव्यातही काही लाल नाही ना, बघत.

उजवा बूट पेटाऱ्यात आहे. नऊ नंबर, कोरा.
कुणी उचलून दुसरा शोधायला लागलं
की सांगते,
त्याची जोडी बाहेर गेलीय.