एकास एक

पहिल्या वर्षी मी एक घर काढलं,
पश्चिमेला नुसती काच.
देवपुजारी सरांनी शीट खिडकीशी नेलं,
उन्हात धरलं,
म्हणाले, मे महिन्यात कोण राहील यात? पापड?
वर्ग हसला. मीही.
घरी बाबांना सांगितलं नाही.
त्यांचं सगळं आयुष्य गेलं पत्रा वाकवण्यात,
रिबिटं ठोकण्यात, कूलरला ताट्या बांधण्यात.
आमच्या घरात उन्हाळा हेच पीक.

तिसऱ्या वर्षी अंबाझरीच्या काठावर
पक्षी पाहायची माडी.
मॉडेलची झाडं कूलरच्या गवताची,
फेव्हिकॉलनं, रात्री तीनला.
ज्युरीच्या खोलीत आमच्या दुकानाचा वास.
बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या, टेक्स्चर सुंदर आहे,
कुठून आणलंस?
इतवारीतून, म्हटलं,
आणि पुढचं गिळलं.

पाचव्या वर्षी विषय विचारले.
निरंजनचं विमानतळ, अल्फियाचं कॅन्सर हॉस्पिटल.
मी लिहिलं: ठिय्या.
म्हणजे?
म्हणजे सकाळी सातला चौकात
घमेलं, थापी, डबा घेऊन उभी असतात ती माणसं.
आणि दहानंतर उरतात ती.
ज्यांना कोणी नेत नाही
त्यांना दिवसभराचं ऊन फुकट.

महिनाभर सावल्या मोजल्या.
आठला होर्डिंगची,
साडेनऊला डीपीच्या डब्याची,
मग एका खांबाची फक्त.
त्या पट्टीत नऊ माणसं, एकामागं एक,
राशनच्या रांगेसारखी.
सावली सरकायची, रांग सरकायची,
कोणी कोणाला काही न सांगता.
सूर्यघड्याळ मी पुस्तकात पाहिलं होतं,
त्याला घाम येतो हे नव्हतं माहीत.

मग मी छत काढलं, लांब, हलकं,
आणि खाली सत्तेचाळीस बाक.

रमशीला रेजा, राजनांदगावकडची,
तिनं प्लान उलटा धरला.
सरळ करायला हात पुढे केला, तर म्हणे, राहू दे.
बोट ठेवलं. हे काय?
बसायची जागा.
ती माझ्याकडे बघत राहिली,
आम्ही शाळेत फळ्याकडे बघायचो तशी.
"बसल्याले कोण नेते, दीदी?
ठेकेदार उभा माणूस उचलते."

त्या रात्री सगळे बाक खोडले.
ब्लेडनं खरवडता खरवडता कागद फाटला,
मागून ठिगळ लावलं.
बाकाच्या जागी एक कठडा,
कमरेखाली येईल असा, टेकायला.
टेकलेला माणूस रस्त्यावरून
उभाच दिसला पाहिजे.
सेक्शनमध्ये मी तो सात वेळा काढला,
सहा वेळा तो थकलेला दिसला.

ओल्या ताटीचा डिटेल बाबांनी काढला,
बिलबुकाच्या पाठीवर, सुताराच्या पेन्सिलीनं,
पाणी कुठून उतरेल, कुठं साचू नये.
तसाच चिकटवला.
हे रफ आहे का? ज्युरीनं विचारलं.
नाही, फायनल.
आणि कन्सेप्ट?
टेकणं, मी म्हटलं.
कोणीतरी पेनाचं टोपण लावलं.
अठ्ठावन्न मार्क.

चौकात काही झालं नाही.
खांब तोच. आता मी एका ऑफिसात
हिंगणा रोडच्या फार्महाऊसची बाथरूमं काढते,
टाइल कुठून सुरू होईल, कुठं संपेल.

पण बाबांनी एक दिवस काही न बोलता
उरलेला पाइप कापला,
मला बोलावलं, माझ्या कमरेशी धरून मापला,
अडीच फूट,
दुकानाबाहेर दोन टेकूंवर वेल्ड केला.
स्केल काय म्हणतात याले?
एकास एक, मी म्हटलं.

आता गिऱ्हाईकं त्याला टेकून बोलतात.
बाबा कुरकुरतात:
टेकायले भेटलं का माणूस
भाव जास्त करते.