कूलरसमोर

फैजपूर. दुपारी दीड. पत्रा तडतडतोय.
केळीच्या जुन्या पट्ट्या, मागून कोऱ्या,
उर्वी पसरते फरशीवर,
कोपऱ्यांवर चिंचोके.

आधी कागद ओला, मग रंग सोडायचा,
शाळेत सांगितलं म्हणे.
इथं ओला म्हणेस्तोवर कोरडा.
निळा टेकवला तिथंच बसतो
पाहुण्यासारखा अवघडून.

मग तिनंच शोधलं:
कूलरची जाळी, वाळ्याचा गार वास,
तिथं कागद धरायचा, वीस मोजायचे.
आता निळा सुटला, हिरव्यात शिरला,
केळीचं पान कडेनं चिरत गेलं
वावटळीत चिरतं तसं.
मी गप्प.
मला नुसते घड मोजता येतात.

तापी कुठाय, विचारलं.
"ही काय." मधला कोरा पट्टा.
"मे महिना आहे ना, पप्पा."

संध्याकाळी बघतो तर
कागद भिजून सुरकुतलाय सगळा,
कोऱ्या पट्ट्यातही बारीक उंचवटे.
इस्त्री फिरवू का, म्हटलं.
"राहू द्या. पाणी आलंय."

खिडकीशी धरला.
नदीच्या आरपार माझंच अक्षर, उलटं:
नवती, वजन, घट, हमाली.