डावा गुणगुणतो

मे महिना, दुपारचे दोन.
सक्करदऱ्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मी सुतळीने त्रिकोण आखला :
डावा स्पीकर, उजवा स्पीकर, माझं डोकं.
तिन्ही बाजू सारख्या, साडेतीन फूट.
खाली संत्र्याच्या पेट्या, दोनावर दोन,
आत कन्हानची रेती ठासून,
म्हणजे ढोलकी वाजली की लाकडाने मधे बोलू नये.
ट्विटर कानाच्या रेषेत.
भिंतीपासून दीड हात पुढे,
कोपऱ्यात ठेवला की खर्ज उगाच फुगतो,
घरातल्या जावयासारखा.

सदरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेले.
विकणारा म्हणाला, सगळ्यात शेवटी चालू करायचे,
सगळ्यात आधी बंद.
दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

मी सगळ्यात शेवटी चालू केले.
उजवा गप्प.
डावा म्हणाला, हूंऽऽऽ.

पेटीवर ताडून पाहिला :
खालची पांढरी पाच, किंचित चढी.
डावा उजवीकडे नेला, उजवा डावीकडे,
हूं होता तिथेच राहिला.
म्हणजे दोष पेट्यांचा नाही, जागेचा.
लॅपटॉपचा चार्जर काढला, किरकिर गेली,
हूं राहिला.
साधी वायर काढून तीन टोकांची बॅलन्स्ड लावली,
थोडा लाजला, राहिला.
कूलर बंद केला.
दहा मिनिटांत बनियन अंगाला चिकटली
आणि हूं अजून स्पष्ट ऐकू येऊ लागला.

खालचा सोहेल डीजे म्हणाला,
प्लगची जाडी पिन तोडून टाक, आपण तेच करतो.
पक्कड घेऊन वर आला बिचारा.

धनपाल उके तेवढ्यात मीटर घेऊन आले.
"पिन काहून तोडतं बे? स्पीकर गप होईल, अन् तूबी."
मग न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये सुया लावल्या.
बावीस व्होल्ट.
काही न बोलता जिना उतरले. मी मागे.
जिन्याखालचं सिमेंटचं झाकण उचललं :
खर्ऱ्याच्या पन्न्या, एक पिसू,
आणि भेगाळलेली माती.
"थे तहानली हाय. किती वर्षं झाली पाणी पाजून?"
मला वाटलं होतं अर्थिंग म्हणजे हिरवी वायर.
ती कुठे जाते, कधी विचारलंच नव्हतं.

घरात पाणी होतं ते कूलरसाठी भरलेलं. पाच बादल्या.
पहिल्या दोन मातीने आवाज न करता घेतल्या.
तिसरीला बुडबुडे आले.
उकेंनी मूठभर मीठ टाकलं,
बीडी पेटवली, विझवली, पुन्हा सुया लावल्या.
दोन व्होल्ट.
"आता दोघाले एकाच बोर्डावर लाव.
वेगळ्या चुली मांडल्या का भांडतेच."

वर आलो.
दिवा लागलेला, आवाज नाही.
बंद पडला असं वाटून मी जाळीला कान लावला.
भरदुपारी खोलीत इतकं शांत
मी कधी ऐकलं नव्हतं.

मग प्रज्वला गेडामचं मागच्या वर्षीचं गाणं लावलं.
"एकदम क्लीन" म्हणून मीच दिलेलं,
तिने तीन गावांत पेन ड्राइव्हवर वाटलेलं.
पहिलं कडवं बरं.
दुसऱ्यात, "माय" शब्दाच्या मागे,
शेजारच्या झोड्यांच्या कुकरची शिट्टी.
तिसऱ्यात माझी खुर्ची.
शेवटच्या ओळीत तिचा श्वास मी कापलेला,
अर्धा,
जसा गर्दीत कुणाचा पदर दारात अडकतो.
एवढे दिवस हे सगळं त्यातच होतं.

फोन केला. म्हटलं, एकदा परत ये,
माझ्याकडून राहून गेलंय.
ती म्हणाली, लोकायले तर आवडलं ना दादा.
म्हटलं, हो.
तरी ये. पैसे नको.
आणि येताना रुमाल आण,
कूलर बंद राहील.