फॉर्मवर एकच खूण

इराप्पा होसमनी दोन डबे घेऊन आला,
एक काळा, एक राखाडी,
आणि बशीएवढी चपटी पाटी.
ती म्हणे गच्चीवर ठेवायची, तोंड आग्नेयेला,
पाण्याच्या टाकीचा आडोसा नको.
"काका, उपग्रहाला सीमा नसते," म्हणाला.
कंपनीनं पाठ करून घेतलेलं वाक्य,
पण पोरानं म्हटलं गोड.
नसेल उपग्रहाला.
फॉर्मवर होती:
मुख्य भाषा (एकच खूण करा).

काळ्यात चोवीस तास राग.
पहाटे ललत, दुपारी सारंग,
मध्ये कुणी बडबडत नाही, साबण विकत नाही.
वर्षाला अठराशे.
राखाडी बाराशेत.
त्यात कन्नड, त्यात मराठी,
बाजारभाव, भजनं, डॉक्टरांना विचारा,
आणि शास्त्रीय म्हणाल तर
रात्री साडेदहा ते अकरा.
अर्ध्या तासात मोठा ख्याल
चप्पल काढून आत येतो न येतो,
तोच बातम्या.

सरळच होतं की. काळा.
चौतीस वर्षं उद्यमबागेत लेथ चालवला,
लोखंडाच्या किंकाळीत उभं राहून
मनातल्या मनात मारवा लावायचो.
निवृत्त झालो की ऐकू, म्हणायचो.
उजवीकडे शेजारच्या शेडचा ग्राइंडर होता.
कानात कापूस घालायचो,
तोही इन्स्पेक्टर येणार असला तर.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला:
रेघ शहाण्यासारखी चालत येते
आणि एकदम आंबोली घाट उतरते.
"वरचे आवाज गेले," म्हणाले,
जणू वरच्या मजल्यावरचे भाडेकरू.

इराप्पानं काळा डबा लावला.
सरोद आला. पखवाज आला, थेट पोटात.
बासरीवाल्याचा दम तेवढा आठवला,
सूर आला नाही.
तंबोरा लागलाय, असं तो म्हणाला,
म्हणून मी मान हलवली.
मधमाश्या उठून गेल्या होत्या,
पोळं तेवढं लटकत होतं.
मी हिशेब घातला:
अठराशेतले नऊशे
माझ्याच आठवणीतून भरायचे.
तरी काळाच, म्हटलं.
आवड ती आवड.

नीलव्वा चहा घेऊन आली.
गोकाकची. एकतीस वर्षं अनगोळात,
अजून रागावली की कन्नडात मोजते.
इराप्पानं विचारलं, "अक्का, निमगे यावुदु बेकु?"
मला वाटलं, वचनं म्हणेल,
नाहीतर जुनी सिनेमाची गाणी.
ती म्हणाली, "गाणं नको बाबा.
कुणीतरी बोलूलालेलं असावं घरात.
भाकऱ्या थापताना."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.
पोराला बिस्कीट दिलं.
बायकी आवाज, बारीक,
घाट उतरलेल्या रेघेच्या पलीकडचा.
गेली पाच-सहा वर्षं
मी नुसतं "हं" म्हणत आलो होतो,
आणि ती दोनदा सांगायची थांबली होती.
कधी थांबली, तेही
मला ऐकू आलं नव्हतं.

राखाडी घेतला.
मोठेपणा नाही यात, सहाशे वाचलेही.
भाषेच्या चौकटीत मी दोन खुणा केल्या,
इराप्पा म्हणाला, कंपनी फॉर्म परत पाठवेल.
पाठवू दे.
मारव्याचं जरा दुखतं अजून, संध्याकाळी,
सहाच्या सुमाराला.

डबा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी.
मी डावा कान त्या बाजूला करून
लसूण सोलत बसतो.
कुणीतरी भरभर सांगत असतो, ठसक्यात,
शब्दांच्या कडा तासून गेलेल्या,
नुसता घरघराट.
मी विचारतो, "एन अंदा?"
ती परातीवरचा हात थांबवते,
माझ्या डाव्या बाजूला येते
आणि मोठ्यानं, मराठीत:
"ब्याडगीला मिरची उतरली म्हणतोय.
दोन किलो घ्यायची, का चार?"