गुरुवारचं गुजराती

फतेगंजच्या वाचनालयामागची खोली,
गुरुवारी साडेपाच ते सात.
पंखा एकच, तोही माझ्या डोक्यावर नाही.

रावपुऱ्याच्या पोस्टात मी एकतीस वर्षं खिडकीवर होते.
मलावी हे नाव तिथं पाहिलेलं,
हवाई टपालाच्या तक्त्यात, मलेशियाच्या वर.
वीस ग्रॅमला किती, एवढीच ओळख.

आता तेच मलावी समोर बसून विचारतं,
"रिक्षावाला दोनशे म्हणाला तर?"
तिचं नाव थोकोझानी. फार्मसी, तिसरं वर्ष.
शेजारी हेरातचा फरजाद,
आणि भूतानची ल्हादेन, जिला 'ळ' म्हणताना
दर वेळी हसू फुटतं.

मी सांगते, म्हणायचं: भाई, एंसी आपीश.
मग पाठ फिरवून चालू लागायचं.
चौथ्या पावलाला हाक येते.
हे व्याकरण कुठल्या पुस्तकात नाही.

सगळी मला कुमुदबेन म्हणतात.
खरं तर ही भाषा मीसुद्धा उसनीच आणलेली,
शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी;
फक्त चार पिढ्या परत करायची राहून गेली.

एकदा फळ्यावर बेरीज करताना
तोंडातून निघालं, "सत्तावीसचे सात, हातचे दोन."
थोकोझानीनं मान वर केली.
"कुमुदबेन, तुम्ही मोजता दुसऱ्याच भाषेत."
पकडले गेले.
त्या दिवशी गुजराती झालंच नाही.
माझ्या पोस्टातले शब्द काढत बसलो,
रवाना, परवाना, दस्तऐवज, मोहोर;
निम्मे फरजादच्या आजोळचे निघाले.
तो म्हणाला, "मग तुम्ही आमच्याच."
आणि उरलेला वेळ कुणाशी बोलला नाही.

थोकोझानी म्हणायची, पांगोनो पांगोनो,
थोडं थोडं करत मोळी होते.
मी म्हटलं, आमच्यात तळं होतं, थेंबाथेंबानं.
कुठलं तळं, म्हणाली. नेलं सुरसागरावर.
ती कठड्याला टेकून हसतच सुटली:
"आमच्या सरोवराचा पलीकडचा काठ दिसत नाही!"
मला राग आला, उगीच, सुरसागराच्या वतीनं.

एक वाक्य मी तिला शिकवलं त्याची लाज वाटते.
निझामपुऱ्यात खोली बघायला जायची होती.
हुं घरमां मच्छी नहीं रांधुं.
पाच वेळा म्हणवून घेतलं.
उच्चार अगदी बिनचूक आला.
खोली मिळाली.

पुढल्या रविवारी तिनं बॅगेच्या तळातून
वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकी उसिपा आणली,
तिच्या सरोवराची, करंगळीएवढी.
माझ्याकडे बोंबील होतेच.
खिडक्या लावून घेतल्या,
स्वयंपाकघराच्या दाराखाली ओला टॉवेल सारला
आणि दोघी हातानं जेवलो, न बोलता,
चोरी केल्यासारखं, पोटभर.
घरमालकाच्या भाषेत
त्या दुपारसाठी मला वाक्य सुचलं नाही.

तिच्याकडे निरोपाला दोन वाक्यं असतात.
जाणारा म्हणतो, राहा बरं: त्सालानी ब्विनो.
राहणारा म्हणतो, जा बरं: पितानी ब्विनो.
कोण जातंय, कोण राहतंय, घोळ नाही.
आमच्याकडे जाणाराही येतोच म्हणतो,
आणि गुजराती दारातून सांगतात, आवजो.
तिला हे फसवं वाटायचं.

पुढच्या मेमध्ये तिचं संपलं.
स्टेशनसाठी रिक्षा तिनंच ठरवली.
मी रात्रभर घोकलं होतं, पितानी ब्विनो, पितानी ब्विनो,
आणि ऐन वेळी जीभ लाकडाची.
नुसता तिच्या पिशवीचा बंद सरळ करत राहिले.

एक पाय रिक्षात ठेवून ती म्हणाली,
"येते हं."

हे मी शिकवलेलं नव्हतं.
दर गुरुवारी सात वाजता दिवा मालवताना
मी स्वतःशीच म्हणत असणार, खोलीला.

रिक्षा कोपऱ्यावर वळली.
शंभरला ठरवलीन.
ऐंशीला आला असता तो,
चौथ्या पावलापर्यंत ती चाललीच नाही.